पक्ष्यांत करिअर करायचंय? मग आधी पाटाचं आवर्तन समजून घे

प्रश्न असा आला आहे: "मी नाशिकरोडची, बीएस्सी प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन हिवाळे नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जाऊन आले. पक्षिसंवर्धन आणि पाणथळ जागांचं शिक्षण, यातच काम करायचं आहे. पोट भरतं का? सुरुवात कुठून करू? आणि तुम्ही लोक दिवसभर नेमकं करता काय? बाबा म्हणतात, आधी बी.एड. कर."

माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून अगंतुगं करतोय, राग मानू नकोस. बाबांचा बी.एड.चा सल्ला तुला कडू लागलेला दिसतोय, पण तो वाईट नाही. का, ते पुढे येईलच.

मी स्वतः सातपूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात टर्नर होतो. तेरा वर्षं शिफ्ट केल्या. रात्रपाळी संपली की सकाळी स्कूटर काढायची आणि झोप डोळ्यांत घेऊन थेट निफाडमार्गे नांदूर मधमेश्वरचा रस्ता धरायचा. २००३ साली नोकरी सोडली तेव्हा दोन महिने घरात कुणी माझ्याशी धड बोलत नव्हतं. आज मागे बघताना त्यांचं फारसं चुकलं होतं असं वाटत नाही. तेव्हा माझ्याकडे दुर्बीण होती, हौस होती, आणि महिन्याच्या एक तारखेला किराणा कुठून येणार याचा पत्ता नव्हता.

दिवसभर काय करतो, ते सांगतो. गळ्यात दुर्बीण, समोर रोहित पक्ष्यांचा थवा, हातात वाफाळता चहा, असे दिवस वर्षाकाठी तीस-पस्तीस भरतील. बाकीचे दिवस फोनवर जातात. निफाड तालुक्यात 'तो निसर्गवाला' अशी ओळख झाली की लोक पक्ष्यांचं विचारत नाहीत, आधी बिबट्याचं विचारतात. ऊसतोडीत बछडी सापडतात, त्यांचं काय करायचं? घुबड विहिरीत पडलंय. धामण गोठ्यात शिरलीय. संक्रांतीच्या आठवड्यात तर दुसरं कामच नसतं, फक्त मांजा. येवल्याची पतंगबाजी तुला माहीत आहेच. नायलॉन मांज्यावर बंदी येऊन बरीच वर्षं झाली, तरी तो मिळतो आणि फेब्रुवारी संपेपर्यंत बाभळींवर लोंबत राहतो.

एका जानेवारीत एक चमचा पक्षी अशाच बाभळीवर उलटा लटकलेला सापडला. चपट्या, पळीसारख्या चोचीचा पांढराशुभ्र पक्षी. अशा वेळी पहिला मोह होतो तो दोरा ओढायचा. तो कधीच ओढायचा नाही. आधी डोक्यावर जाडसर कापड टाकायचं, अंधार झाला की पक्षी निम्मा शांत होतो. मग एकाने पंख अंगाशी धरायचे आणि दुसऱ्याने छोट्या कात्रीने दोऱ्याचे तुकडे करत जायचं. सांध्यात रुतलेला मांजा डोळ्यांना दिसत नाही, बोट फिरवलं की केसासारखा लागतो. तिथे मात्र हात आवरायचा, ते डॉक्टरचं काम. भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवायचं, तोंडात पाणी ओतायचं नाही आणि वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर फोन करायचा. जखमी रानपक्षी घरी ठेवून 'बरा करणं' कायद्यात बसत नाही आणि बहुतेक वेळा पक्ष्यालाही मानवत नाही. तो चमचा वाचला नाही. पंखाचा सांधा आतपर्यंत कापला गेला होता.

पण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर पाण्यात आहे. पेपर वाचणाऱ्या माणसाला नांदूर मधमेश्वर हे नाव पक्ष्यांमुळे माहीत नसतं, क्युसेकमुळे, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सुटलं त्या आकड्यामुळे, माहीत असतं. पावसाळ्यात गंगापूर आणि दारणा धरणांतून विसर्ग वाढला की नाशिककर रामकुंडावर जाऊन दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं ते बघतात, आणि खालच्या जायकवाडी धरणावर अवलंबून असलेले लोक नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून किती सुटलं ते बघतात. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा बंधारा घातला तो शेतीसाठी. पक्ष्यांचा विचार त्यात कुठेही नव्हता. दोन्ही अंगांनी पाट काढले. पुढे वर्षानुवर्षं बंधाऱ्यामागे गाळ भरत गेला, उथळ पाणी झालं, बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढली आणि पक्षी आले. इंजिनिअर ज्या गाळाला शिव्या घालतो त्याच गाळावर आपलं अभयारण्य उभं आहे. १९८६ मध्ये ते जाहीर झालं. पक्षितज्ज्ञ सलीम अली याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणायचे, हे तुला इथला प्रत्येक गाइड पहिल्या पाच मिनिटांत ऐकवेल. २०१९ मध्ये ही महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा झाली, लोणार आणि ठाणे खाडी नंतर आल्या.

(रामसर म्हणजे रामाचं सरोवर, असं नाशिकच्या शाळांत निम्मी मुलं छातीठोकपणे सांगतात. पंचवटीत वाढलेल्या पोराला दुसरं काय सुचणार! रामसर हे इराणमधलं कॅस्पियन समुद्राकाठचं गाव. २ फेब्रुवारी १९७१ ला पाणथळ जागांचा करार तिथे झाला, म्हणून २ फेब्रुवारीला पाणथळ दिन.)

तर, पाणी. थापट्या, तलवार बदक, भुवई बदक ही काही खोल बुडी मारणारी बदकं नव्हेत. डोकं खाली, शेपूट वर करून मान चिखलापर्यंत पोचेल तेवढंच पाणी त्यांच्या कामाचं, म्हणजे वीत-दीड वीत. शेकाट्याला त्याहून उथळ लागतं. तुतवार तर ओल्या चिखलावरच धावतो. म्हणजे बंधाऱ्यामागचं पाणी हातभर चढलं किंवा उतरलं की कालचं भरलेलं ताट आज रिकामं. हे पाणी कशाने चढतं-उतरतं? रब्बीच्या आवर्तनाने, म्हणजे पिकांसाठी पाळीपाळीने पाटाला पाणी सोडण्याने. वरच्या धरणातून पाणी सुटतं, बंधाऱ्यात येतं, पाटाने शेतात जातं, पाट बंद होतात. नेमकं हे सगळं हिवाळ्यात चालतं, जेव्हा मध्य आशियातून आलेले पाहुणे इथे मुक्कामाला असतात. उन्हाळ्यातली गोष्ट वेगळी आणि जास्त वाईट. नदी सुरय आणि टिटव्या उघड्या पडलेल्या बेटांवर जमिनीवरच अंडी घालतात. पाणी पटकन चढलं तर अंडी बुडतात, पटकन उतरलं तर बेट काठाला जोडलं जातं आणि गावातली कुत्री चालत आत जातात.

हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. माझी पहिलीच जानेवारीतली पक्षिगणना होती. चापडगावच्या बाजूने सकाळपासून मोजत होतो, आकडे आदल्या वर्षीच्या निम्म्यावरही येईनात. वहीत मोठ्या अक्षरांत 'संख्येत चिंताजनक घट' असं लिहूनही टाकलं होतं. एक म्हातारे भोई काका थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळं काढून येत होते. माझ्या वहीत डोकावून म्हणाले, "साहेब, परवा पाणी चढलं इथं. तुमची बदकं वर कोठुऱ्याच्या अंगाला गेली. तुम्ही इथं कुणाला मोजताय?" दुपारी कोठुऱ्याला गेलो. सगळी मंडळी तिथे चरत होती. तेव्हापासून माझ्या वहीत दर पानाच्या डोक्यावर तारीख, वेळ, वारा यांच्या आधी एक ओळ असते: पाट चालू की बंद, पाणी कुठल्या खुणेपर्यंत. ही ओळ नसलेली पक्षियादी मला आजही अर्धवट वाटते, मग ती कितीही देखण्या ॲपवर भरलेली असो.

मोजायचं कसं, हेही शिकावं लागतं. हजारांचा थवा एकेक करून कुणी मोजत नाही. आधी दहा पक्षी नीट मोजायचे, ते दहा नजरेत किती जागा घेतात ते पक्कं करायचं, त्यावरून शंभराचा तुकडा डोळ्यांनी कापायचा आणि मग असे किती तुकडे ते बघत जायचं. नवखा माणूस दाट थव्यात हमखास कमी मोजतो आणि विरळ थव्यात जास्त. गणनेला येणाऱ्या पोरांचा सराव मी मोहरीवर घेतो. ताटात मूठभर मोहरी उधळायची, पाच सेकंद बघायचं, आकडा लिहायचा, मग खरंच मोजायचं. आठ दिवसांत नजर बसते. आकड्याला महत्त्व का? एखादी जागा नियमितपणे २०,००० पाणपक्ष्यांना आसरा देत असेल, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येच्या १ टक्का पक्षी तिथे नेमाने येत असतील, तर रामसरच्या निकषांत ती बसते. तुझ्या वहीतला चुकीचा आकडा उद्या फाइलमध्ये जातो आणि फाइलमधला आकडा सहसा कुणी परत मोजायला जात नाही.

आता शिक्षणाचं. बी.एड.ची गोष्ट इथे येते. मी शिक्षक नाही, हे मला पहिली पाच वर्षं फार महाग पडलं. शाळेत जायचो, स्लाइड लावायचो, जैवविविधता, परिसंस्था, स्थलांतर असे शब्द फेकायचो. पोरं जांभया द्यायची. एका शाळेत तर मी बोलत असताना मागे गॅदरिंगचा नाच बसवणं चालू होतं. मग एकदा प्रोजेक्टर बंद पडला आणि नाइलाजाने नुसत्या नावांवर बोललो. आपल्या लोकांनी ठेवलेली पक्ष्यांची नावं म्हणजे तयार धडा आहे. काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा, म्हणून वारकरी. चोचीच्या टोकाला पिवळं आणि मुळाशी तांबडं, म्हणून हळदीकुंकू बदक. गवंड्याच्या थापीसारखी चोच, म्हणून थापट्या. एक पोरगा उठून म्हणाला, "सर, आमच्या आजोबांची थापी आणू का?" दुसऱ्या दिवशी खरंच घेऊन आला. ती थापी चिखलाच्या पाण्यात फिरवून, गाळणी लावून, थापट्या पाण्यातून खाणं कसं गाळतो ते आम्ही घमेल्यात करून पाहिलं. त्या वर्गातल्या प्रत्येक पोराला पुढे थापट्या ओळखता आला.

वर्ग कसा हाताळायचा, प्रश्न कसा टाकायचा, कधी गप्प बसायचं, ही विद्या आहे. आमच्या क्षेत्रात पक्षी ओळखणारे ढिगाने आहेत, सातवीच्या वर्गासमोर चाळीस मिनिटं उभे राहू शकणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. शिवाय बी.एड. असली की शाळा तुला 'कार्यक्रमवाली ताई' म्हणून वागवत नाही, आपल्यातली समजते. हा फरक मानधनातही दिसतो.

एका वर्गात मात्र मला उत्तर देता आलं नव्हतं. गोदाकाठच्याच गावातली शाळा, पोरगं नववीतलं. मी पट्टकादंब हंसांबद्दल रंगून बोलत होतो, हिमालय ओलांडून येतात वगैरे. ते म्हणालं, "येतात ते कळलं. आमचा हरभरा खातात त्याचं काय?" वर्ग हसला, मीही हसलो, आणि घरी येईपर्यंत लाज वाटत राहिली. पुढच्या आठवड्यात त्याच्या वडिलांच्या शेतावर रात्र काढली. निफाडची डिसेंबरातली रात्र, पारा एवढा उतरतो की लोक द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात. पहाटे हंस उतरले आणि मी डोळ्यांनी पाहिलं, कोवळा हरभरा खरोखर खातात. त्याचे वडील डबा बडवत बांधावरून पळत होते. मी काय सांगणार होतो त्यांना? तो प्रश्न मी सोडवलेला नाही. पण त्या रात्रीनंतर त्या घराशी नातं जडलं. पोरगं आता द्राक्षबाग करतं. पक्ष्यांचं त्याला आजही फार कौतुक नाही, पण पाटाच्या कडेला एखादा पक्षी मेलेला दिसला की पहिला फोन मला त्याचाच येतो, आणि आजूबाजूला त्या दिवशी कुणी कशाची फवारणी केली तेही तो न विचारता सांगतो. अभयारण्याची हद्द मोठी, त्यात गावं, शेतं, बागा सगळं आलं. तिथे रोज असणारा माणूस तोच.

कायद्याबद्दल एक गोष्ट ठाऊक असू दे, कारण नवी मंडळी इथेच फसतात. २०१७ चे पाणथळ जागांचे नियम म्हणजे सगळ्या तळ्यांना कवच, असं समजू नकोस. नदीची पात्रं, भातखाचरं आणि पिण्यासाठी किंवा सिंचनासाठी माणसाने मुद्दाम बांधलेले जलाशय त्या नियमांतून वगळलेले आहेत. नांदूर मधमेश्वरला अभयारण्य आणि रामसर असा दुहेरी आधार आहे. पण जिल्ह्यातले पाझर तलाव, धरणांमागचे पाणसाठे, यांतली बरीचशी या जाळ्यातून निसटतात. तिथे तुझ्या हातात नोटीस नसते, फक्त ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून बोलणं असतं. आणि नाशिक शहराचं सांडपाणी जिथवर वाहत जातं तिथवर जलपर्णी फोफावते. ती दरवर्षी काढायची, दरवर्षी पुन्हा येते, कारण तिला लागणारं खत आपणच रोज खाली सोडतो. यावर एकट्या पक्षिमित्राकडे तोडगा नाही. महापालिकेच्या सांडपाण्याच्या प्रकल्पाचं काम कसं चालतं हे तुला थोडं तरी कळायला हवं.

पैशांचं सरळ सांगतो. संशोधनाच्या वाटेने गेलीस तर नेट किंवा गेट पार करून प्रकल्पावर जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली की २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं, पण प्रकल्प संपला की पुन्हा शोधाशोध. त्यासाठी एमएस्सी हवी. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत वन्यजीवशास्त्राची एमएस्सी आहे, जागा मोजक्या असतात आणि प्रवेश परीक्षा कठीण. तिथे जायचं तर संख्याशास्त्राची भीती आत्ताच घालव. बीएनएचएसचे (मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) पक्षिशास्त्राचे अभ्यासक्रम नोकरी करता करता होतात, त्यातून नोकरी मिळत नाही पण माणसं मिळतात. एमपीएससीतून वनसेवा ही स्थिर वाट आहे. पण तिथे गेलीस तर पक्षी हा कामाचा दहावा हिस्सा असेल, बाकी अतिक्रमणं, वणवे, कोर्टाच्या तारखा. कंपन्यांसाठी पर्यावरण आघात अहवालातली पक्षी सर्वेक्षणं हे आमच्यातलं सर्वांत बरं पैसे देणारं काम, आणि सर्वांत अवघडही. एकदा मला अहवालातून दोन ओळी 'जरा सौम्य' करायला सांगितलं होतं. केल्या नाहीत, पुढचं काम आलं नाही. अशी वेळ तुझ्यावर येणार हे गृहीत धर, आणि तेव्हा नाही म्हणता यावं म्हणून चार-सहा महिन्यांचा खर्च नेहमी बाजूला ठेव. उरलं हिवाळ्यातलं गाइडचं काम, शाळांची सत्रं, लेख, व्याख्यानं. माझं घर या सगळ्याच्या गोधडीवर चालतं. पत्नीची नोकरी नसती तर पहिली आठ वर्षं चाललं नसतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

नाशिकमध्ये राहून काही मोठं होत नाही, असं मैत्रिणी म्हणत असतील तर त्यांना सांग, २० मार्चचा जागतिक चिमणी दिन नाशिकच्याच मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकारातून २०१० पासून सुरू झाला. हरसूलच्या बाजूला खोरीपाड्याला गिधाडांसाठी मेलेली जनावरं टाकायची जागा आहे, ती गावकऱ्यांच्या साथीवर चालते. तिकडे जायला हवंस. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक टोचलेलं जनावर खाल्लं की गिधाड मरतं. जनावरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली, पण पाड्यावरच्या माणसाने मेलेल्या बैलाला आधी कोणतं इंजेक्शन दिलं होतं ते खरं सांगितलं नाही, तर त्या बंदीचा गिधाडाला उपयोग काय?

फोटोग्राफीबद्दल विचारलं नाहीस, बरं केलंस. उडता थवा हवा म्हणून नावाड्याला होडी थव्यात घालायला लावणारी मंडळी दर रविवारी भेटतात. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला पोटभर खाऊ द्यायचं सोडून पुन्हा उडवायचं! बाकी काय बोलू.

सुरुवात कुठून? नांदूर मधमेश्वरपासून नको. तिथे सगळेच जातात. तुझ्या घराजवळची वालदेवी घे. विहितगावच्या पुलापासून अर्धा किलोमीटर, तेवढाच तुकडा, दर आठवड्याला एकदा, वर्षभर. पाणी किती, रंग कसा, वास येतो का, कोण कपडे धुतं, कोण वाळू उपसतं, आणि मग पक्षी. कवड्या खंड्या गायब झाला तर कुठल्या आठवड्यात झाला ते वहीत सापडलं पाहिजे. दुर्बीण ८ बाय ४२ ची (आठ पट जवळ दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) घे, महागडी नको. कॅमेरा वर्षभर नकोच. बी.एड.चा अर्ज भरून टाक. वालदेवीची वही आणि बी.एड. दोन्ही एकाच वर्षात होतात.

जानेवारीत आमची गणना असते. पहाटे पावणेसहाला द्वारका चौकातून गाडी निघते. मातकट रंगाचे कपडे घाल, लाल-पिवळं जर्किन नको, कानटोपी आणि दोन जोडी मोजे घे. आणि येण्याच्या आदल्या दिवशी एक काम कर. निफाडकडच्या कुठल्याही ओळखीच्या शेतकऱ्याला फोन लाव, उजवा पाट चालू आहे की बंद, डावा चालू आहे की बंद ते विचार, आणि वहीच्या पहिल्या पानावर सगळ्यात वर लिहून आण.